सातवीची वही आठवीत नेताना

१२ फेब्रुवारी २०२५

काल खानापूरच्या बसस्टँडवर गेल्या वर्षीची एक विद्यार्थिनी भेटली. माझ्या वर्गात प्रश्न पुरा व्हायच्या आत हात वर करणारी. आता एका कन्नड माध्यमाच्या हायस्कुलात आठवीला आहे. कसं चाललंय विचारलं तर आधी नुसती हसली. मग म्हणाली, "बाई, कळतंय की सगळं. पण सर विचारले की सांगायला येईना. म्हणून आता मी हातच वर करीना झालेय."

रात्रभर ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. म्हणून ही वही.

आमची शाळा सरकारी मराठी उच्च प्राथमिक, पहिली ते सातवी. महाराष्ट्रात हायस्कूल बहुतेक ठिकाणी पाचवीपासून असतं, आपल्याकडे कर्नाटकात आठवीपासून. आमच्या गावातून मराठी हायस्कूल गाठायचं तर दोन बस बदलाव्या लागतात, कन्नड हायस्कूल एका बसवर आहे. शक्ती योजनेमुळे २०२३ पासून मुलींना तिकीट पडत नाही, पण संध्याकाळची दुसरी बस चुकली तर मुलगी घरी किती वाजता पोचणार, हा प्रश्न तिकिटाने सुटत नाही. त्यामुळे बहुतेक घरं जवळचं हायस्कूल निवडतात. म्हणजे एका उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलाचं गाव बदलतं, इमारत बदलते, एका बाईंच्या जागी सात सर-मॅडम येतात, आणि भाषाही बदलते. सगळं एकदम.

मला जमेल असं एकच दिसतंय. सातवीचे शेवटचे दोन महिने आणि आठवीचे पहिले काही महिने एकमेकांत गुंफायचे. नवं पुस्तक काढायचं नाही. आहेत त्याच धड्यांतून वाट काढायची.

१५ फेब्रुवारी

मुख्याध्यापकांनी परवानगी दिली. अट एकच, वार्षिक परीक्षेचा भाग मागे पडता कामा नये. रास्त आहे.

२६ फेब्रुवारी

शिवरात्रीची सुट्टी. आठवीचं विज्ञान आणि गणित, दोन्ही माध्यमांची पुस्तकं जमिनीवर शेजारी शेजारी मांडून बसले. ही पुस्तकं एनसीईआरटीच्या पुस्तकांवर बेतलेली असल्यामुळे मराठी आणि कन्नड आवृत्तीत धडे तेच, चित्रंही तीच. कन्नड मला बोलता येतं, वाचताही येतं, पण विज्ञानाचं पुस्तक कन्नडमधून असं ओळीनं मी पहिल्यांदाच वाचलं.

आधी धीर आला. गुणाकार, भागाकार, सरासरी, कोन, व्यास, समीकरण हे शब्द दोन्हीकडे जवळपास तेच. अपूर्णांकाला तिकडे भिन्नराशि म्हणतात, पण त्यातला अंश आणि छेद तोच. काही शब्द अगदीच वेगळे आहेत. परिमेय संख्येला भागलब्ध, पेशीला जीवकोश, दाबाला ओत्तड, प्रकाशसंश्लेषणाला द्युतिसंश्लेषणे. हे पाठ करून घेता येतील.

खरी अडचण तिसरीच निघाली, आणि ती मला इतकी वर्षं दिसली नव्हती. दिसायला आपले, अर्थाने परके असे शब्द. आपल्याकडे धातू म्हणजे सोनं, तांबं, लोखंड. कन्नडच्या विज्ञानात धातु म्हणजे मूलद्रव्य, त्यात ऑक्सिजनही आला. आपल्याकडे लोह म्हणजे लोखंड. तिकडे लोह म्हणजे कुठलाही धातू, अधातूला अलोह, आणि लोखंडाला कब्बिण. आता मराठीतून सातवी केलेलं हुशार मूल वर्गात ऐकतं की ऑक्सिजन हा धातु आहे. त्याला जे पक्कं येत होतं तेच चुकीचं ठरतं. न समजलेला शब्द मूल विचारतं तरी. समजलाय असं वाटणारा शब्द कोण विचारणार?

वेगळे शब्द, सारखे शब्द आणि फसवे शब्द अशा तीन याद्या करायला घेतल्या. फसव्यांची यादी सगळ्यात लहान आहे, आणि सगळ्यात आधी तीच शिकवायची.

१ मार्च

पालकांसमोर, एसडीएमसीच्या म्हणजे शाळेच्या विकास व देखरेख समितीच्या बैठकीत विषय मांडला. वेळ वाईट होती. गेल्या आठवड्यात बेळगावात भाषेवरून वातावरण तापलं, दोन्ही राज्यांमधल्या बस काही दिवस थांबल्या. अशा दिवसांत मराठी शाळेतली बाई उभी राहून म्हणते की सातवीत विज्ञानाचे कन्नड शब्द शिकवूया, तर लोक कान टवकारणारच.

एक पालक, शेती करतात, स्वतः याच शाळेत शिकलेले, शांतपणे म्हणाले, "बाई, तुमचं मन चांगलं आहे. पण आज शब्द येतील, उद्या पुस्तक येईल, परवा शाळेवरची पाटी बदलेल. मग?" त्यांच्या भीतीला मी उडवून लावलं नाही, कारण ती माझीही भीती आहे. राज्यघटनेतलं कलम ३५०-अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून शिक्षणाची सोय करायला सांगतं. हे कलम १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीनं आलं, ज्या वर्षी आमचा हा भाग म्हैसूर राज्यात गेला त्याच वर्षी. पण त्यात शब्द आहे प्राथमिक टप्प्याचा. म्हणजे घटनेनं धरलेला हात सातवीच्या आसपास सुटतो, आणि आमची मुलं नेमकी तिथेच ठेचकाळतात.

मी त्यांना सांगितलं की सातवीचं शिकवणं मराठीतूनच राहील, त्यातली एक तासिकाही कमी होणार नाही. मुलाला मराठीतून नीट समजलं तरच त्याला ते दुसऱ्या भाषेत नेता येईल. समजलंच नाही तर नेणार काय? मराठी हायस्कूल जवळ व्हावं ही मागणी आपण सगळ्यांनी करायचीच आहे. पण ते होईपर्यंत यंदाची मुलं जूनमध्ये कुठल्या तरी बाकावर बसणार आहेत. सीमाप्रश्न या वहीत सुटायचा नाही. त्या बाकावर बसणारं मूल एवढाच या वहीचा विषय.

ते म्हणाले, "बघा करून. पण मराठीचा तास कापला तर मी येणार विचारायला." मी म्हटलं, जरूर या.

१८ मार्च

हायस्कुलात जाऊन आले. विज्ञानाचे सर बैलहोंगल भागातले, मराठी ऐकून समजतं पण बोलत नाहीत. चहा मागवला आणि स्वतःहून म्हणाले, "निम्म मक्कळु भाळ शांत अदार री, मेडम." तुमची मुलं फार शांत आहेत हो. कौतुकानं म्हणाले. मी त्यांना बसस्टँडवरच्या मुलीचं वाक्य सांगितलं, तिचं नाव न घेता. ते बराच वेळ कपाकडे बघत राहिले. त्यांना खरंच वाटत होतं की ही शिस्त आहे.

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. मराठी शाळेतून आलेली मुलं बाजारात, बसमध्ये कन्नड फाडफाड बोलतात, मग वर्गात का बोलत नाहीत हे त्यांना कळत नव्हतं. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये हाच फरक मांडला होता. रोजच्या बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली दोनेक वर्षांत येते, दुसरीला पाच ते सात वर्षं लागू शकतात. आमच्या मुलांना हायस्कुलात मिळतात तीनच, आणि तिसऱ्याच्या शेवटी एसएसएलसी, म्हणजे आपल्याकडची दहावीची परीक्षा, उभी. कमिन्स यांचं दुसरं म्हणणं मला जास्त मोलाचं वाटतं. पहिल्या भाषेत पक्की झालेली संकल्पना दुसरीत पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागत नाही, तिला फक्त नवं नाव लागतं. सरांना हे सांगितल्यावर त्यांनी विचारलं, "मग नावं कोण देणार, तुम्ही की मी?"

दोघांनी, असं ठरलं. सुरुवात मी करायची, शेवट त्यांनी.

२४ मार्च

आकड्यांचा खेळ घेतला. गणिताच्या तासाला हायस्कुलात संख्या कन्नडमध्ये सांगतात आणि मुलं लिहिताना मागे पडतात, असं जुन्या विद्यार्थ्यांकडून कळलं होतं. फळ्यावर ६७ लिहिलं. आपण म्हणतो सदुसष्ट, आधी सात मग साठ. कन्नड म्हणतं अरवत्तेळु, आधी साठ मग सात. ७९ ला आपण एकोणऐंशी म्हणतो, ऐंशीतून एक काढून. कन्नड सरळ एप्पत्तोंबत्तु, सत्तर आणि नऊ. मुलांना हे इतकं आवडलं की मधल्या सुट्टीत एकमेकांना संख्या विचारत होती. मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "बाई, कन्नडचे आकडे सोपेच की! आपलेच वाकडे आहेत." खरं आहे. इतर वेळी गणितात मान खाली घालून बसणारा हा मुलगा आज कन्नड वाड्यावरच्या त्याच्या मावशीची भाषा वर्गात शिकवत होता.

वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घरात आजी, मावशी किंवा काकी कन्नड बोलणारी आहे. हे भांडवल मी आजवर कधी वापरलंच नव्हतं.

५ एप्रिल

वार्षिक परीक्षा संपत आली. आज एक गोष्ट अशी सापडली की ती यादीच्या वर न्यायला हवी.

हायस्कुलातल्या आठवीच्या जुन्या प्रश्नपत्रिका सरांनी दिल्या होत्या. सातवीतल्या पाच मुलांना त्यातले सोपे प्रश्न वाचायला दिले. उत्तरं त्यांना मराठीतून येत होती. अडत होती ती प्रश्नाच्या शेवटच्या शब्दापाशी. विवरिसि म्हणजे स्पष्ट करा. कारण कोडि म्हणजे कारण द्या, हे जमलं. व्यत्यास तिळिसि म्हणजे फरक सांगा, हे कुणालाच नाही. कंडुहिडियिरि म्हणजे शोधून काढा. होंदिसि बरेयिरि, जोड्या लावा. बिट्ट स्थळ तुंबिरि, रिकाम्या जागा भरा. साधिसि हा तर फसवाच, आपल्याला साधणे वाटतं आणि गणितात तो म्हणतो सिद्ध करा.

म्हणजे मूल विषयात नापास होत नाही. ते प्रश्नाच्या क्रियापदाशी अडतं. विज्ञानाचे शेकडो शब्द शिकवायच्या आधी ही दहा-बारा क्रियापदं शिकवायला हवीत, आणि ती सगळ्या विषयांना चालतात. फेब्रुवारीत मी एकशेवीस शब्दांची यादी केली होती. आज ती चाळीसवर आणली. त्यात क्रियापदं सगळ्यात वर.

१८ मे

सुट्टी. घराच्या पडवीत बसून घटक लिहितेय. समोर काजू वाळत घातलेत, आई मधूनमधून राखण करायला सांगते.

इंग्लंडमध्ये प्राथमिकच्या शेवटच्या वर्गात सुरू करून माध्यमिकच्या पहिल्या वर्गात पुरे करायचे घटक वापरले गेले आहेत. कल्पना चांगली आहे. तिथे एक अडचणही आली. एका माध्यमिक शाळेत अनेक प्राथमिक शाळांतून मुलं येतात, त्यातल्या काहींनीच घटकाचा पहिला भाग केलेला असतो, मग शिक्षक तो बाजूला ठेवतो. आमच्याकडेही तेच होणार. आठवीच्या वर्गात माझी मुलं थोडी, बाकीची कन्नड शाळांतून आलेली. म्हणून दुसरा भाग असा हवा की पहिला भाग न केलेल्या मुलालाही तो लगेच हाती लागेल, आणि माझ्या मुलांना मात्र त्यात काहीतरी सांगण्यासारखं असेल.

धडा निवडला पिकांचा, आठवीच्या विज्ञानातला पहिला. कन्नडमध्ये बेळे उत्पादने मत्तु निर्वहणे. बेळे म्हणजे पीक. खानापूरच्या मुलाला भाताबद्दल पुस्तकानं काय नवं सांगायचं? नांगरट, पेरणी, रोपलावण, भांगलण, कापणी, मळणी, सगळं हातून गेलेलं. आणि शब्दही किती जवळचे. आमची पेरायची कुरी म्हणजे त्यांची कूरिगे. आमची सुगी म्हणजे त्यांची सुग्गी. खरिपाला मुंगारु, रब्बीला हिंगारु. खताला गोब्बर, तणाला कळे, पेरणीला बित्तने, ओलिताला नीरावरी. यातले निम्मे शब्द मुलांनी शिवारात कन्नड गड्यांच्या तोंडून ऐकलेले असतात, फक्त ते अभ्यासाचे शब्द आहेत हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

घटक असा: प्रत्येक मुलानं घरच्या एका शेताच्या तुकड्याची नोंद ठेवायची, पेरणीपासून कापणीपर्यंत. वही एकच. डावं पान मराठी, उजवं पान कन्नड, कन्नड लिपीत. पेरणीची पानं सुट्टीत मराठीतून भरायची, जून सुरू झाला की तीच वही हायस्कुलात न्यायची आणि पुढची पानं तिथे. कापणी नोव्हेंबरात. म्हणजे शेतच मुलाला अर्धं वर्ष हाताला धरून नेईल. वही कोरी नाही, पहिली पानं माझ्या ओळखीची आहेत, एवढा आधारही पहिल्या दिवशी पुरतो असं मला वाटतं.

१९ मे

एकवीस वह्या शिवून झाल्या. आईने दोरा ओवून दिला.

३ जून

सातवी पुरी केलेल्यांपैकी तेरा मुलं त्या हायस्कुलात गेली. चार मराठी हायस्कुलात, दोन इंग्रजी माध्यमात, एकजण गोव्याला काकाकडे. एक मुलगी अजून कुठेच नाही. घरी जाऊन आले. आई म्हणते, "पाऊस कमी झाल्यावर बघू." पाऊस कमी झाल्यावर म्हणजे ऑक्टोबर. पुन्हा जाणार.

१२ जून

हायस्कुलात सेतुबंध चालू आहे. पूर्व परीक्षा, मग उजळणी, मग साफल्य परीक्षा. कल्पना मूळची चांगली, नावही सुंदर. पण पूर्व परीक्षा कन्नडमधून झाली आणि माझ्या तेरांपैकी बहुतेकांना गणितात कच्चे ठरवलं गेलं. त्यातल्या दोघांना दशांश अपूर्णांक तोंडपाठ आहेत, मी शिकवलेत. गणिताच्या मॅडमना भेटून विनंती केली की हाच पेपर या मुलांकडून प्रश्नाच्या क्रियापदांचा तक्ता समोर ठेवून पुन्हा सोडवून घ्या. त्या म्हणाल्या, नियमात बसत नाही. मी म्हटलं, गुण धरू नका, फक्त बघा. त्यांनी तासानंतर बसवलं. मला फोन आला नाही, पण दुसऱ्या दिवशी तक्ता वर्गाच्या भिंतीवर लागला होता, असं मुलांनी सांगितलं.

कच्चं मूल आणि वाट न मिळालेलं मूल यांतला फरक सेतुबंधाच्या पेपरात दिसलाच पाहिजे. नाहीतर जे येतं तेच पुन्हा शिकवण्यात जून जातो, आणि मुलाला वाटतं आपल्याला काहीच येत नाही.

४ जुलै

जांबोटी, कणकुंबीकडे पावसानं झोडपून काढलंय. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते म्हणतात, आज तर ती आमच्या रस्त्यावरच उगम पावल्यासारखी वाहत होती. बस नाही. आठवीची मुलं तीन दिवस घरीच.

१२ जुलै

आज शनिवार, सकाळची शाळा. ती आटोपून हायस्कुलात गेले. सरांनी पिकांच्या धड्याला सुरुवात केली होती. त्यांनी काय केलं ते लिहून ठेवते, कारण हे माझ्या कागदावर नव्हतं.

त्यांनी वर्गाला विचारलं, रोपलावणीच्या वेळी शेतात किती पाणी ठेवायचं? बैलहोंगल, सौंदत्तीकडची शेती ज्वारी, हरभरा, कापसाची, काळ्या रानाची. भाताची लावण त्यांनी स्वतः केलेली नाही. कन्नड शाळांतून आलेली मुलंही गप्प. मग सर माझ्या एका मुलाकडे वळले आणि म्हणाले, तू सांग, मराठीत सांगितलंस तरी चालेल. तो उभा राहिला. मराठीत सुरुवात केली, मग "गद्दे" आला, मग "नीरु", मग अर्धं वाक्य कन्नड. बोटाच्या पेरावर पाणी दाखवलं. सर फळ्यावर कन्नडमधून लिहित गेले, तो सांगत गेला. सरांनी मध्येच थांबून त्याला विचारलं, "हौदा?" असं का? आणि तो म्हणाला, "हौदु सर."

मी मागे दारापाशी उभी होते. पाच महिन्यांच्या धडपडीत असा एक तास मिळाला.

हाच मुलगा मार्चमध्ये आकड्यांना वाकडे म्हणाला होता.

२४ जुलै

एफए-१, म्हणजे वर्षातली पहिली चाचणी, झाली. गुण मागितले नाहीत, पेपर बघायला मागितले. क्रियापदांशी अडणं कमी झालंय. फसवे शब्द मात्र अजून फसवतायत. एकीनं लोहाची उदाहरणं द्या या प्रश्नाला लोखंडाच्या वस्तूंची यादी दिली: विळा, कोयता, खिळा, कढई. सरांनी गुण दिले, कारण कढई-कोयत्यातला लोह म्हणजे धातू आहेच. पण पुढे तांब्याला ती लोह म्हणेल का? तिला बोलावून दोन्ही भाषांतले अर्थ एका कागदावर काढून दिले. म्हणाली, "बाई, हे आधी का नाही सांगितलं?" सांगितलं होतं, मार्चमध्ये, घाईत, शेवटच्या आठवड्यात. पुढच्या वर्षी फसवे शब्द जानेवारीत.

९ ऑगस्ट

काल सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील राज्य शिक्षण धोरण आयोगाचा अहवाल सरकारला सादर झाला. त्यात २+८+४ अशी रचना सुचवली आहे. दोन वर्षं पूर्वप्राथमिक, आठ प्राथमिक, चार माध्यमिक. २००९ चा शिक्षणहक्क कायदाही पहिली ते आठवी हा एकच टप्पा धरतो, तरी आपल्याकडे सातवीला भिंत राहिली. आठवी गावातच, मातृभाषेत झाली तर मुलाला आणखी एक वर्ष पक्कं व्हायला मिळेल. मला हे मनापासून हवंय. पण नुसता आठवीचा वर्ग जोडून भागणार नाही. विज्ञानाला शिक्षक, गणिताला शिक्षक, प्रयोगाला खोली हवी. नाहीतर भिंत फक्त एक वर्ष पुढे सरकेल आणि पलीकडे गेलेल्या मुलाला एसएसएलसीपर्यंत तीनऐवजी दोनच वर्षं उरतील.

एसएसएलसीचं गणित मनातून जात नाही. पहिली भाषा १२५ गुणांची, बाकी पाच विषय शंभर-शंभरचे, एकूण ६२५. सात वर्षं ज्याची पहिली भाषा मराठी होती, त्याची पहिली भाषा या हायस्कुलात कन्नड होते, कारण मराठीला शिक्षकच नाही. सगळ्यात मोठा पेपर सगळ्यात नव्या भाषेचा. आणि मराठी त्याच्या वेळापत्रकातून पुसली जाते. शनिवारी दुपारी तासभर मराठी वाचनाला बसू देता का, असं हायस्कुलाच्या मुख्याध्यापकांना विचारलंय. नाही म्हणाले नाहीत.

३० ऑगस्ट

गणपतीची सुट्टी. मुलं मखरासमोर आरत्या म्हणतात तेव्हा त्यांचा आवाज ऐकला की वर्गातली ती शांतता आठवते. हीच मुलं.

जी मुलगी कुठेच नव्हती, ती आजपर्यंत कुठेच नाही. चौथ्यांदा जाऊन आले. या वेळी वडील भेटले. मुलीला कन्नड झेपणार नाही, मराठी शाळा लांब, मग घरची कामं तरी होतील, असं म्हणाले. मी वही दाखवली, तिच्या वर्गमैत्रिणीची, दोन्ही पानं भरलेली. त्यांनी वही बराच वेळ चाळली. मराठीचं पान वाचलं. कन्नडच्या पानावरून बोट फिरवलं. म्हणाले, सोमवारी बघतो.

४ सप्टेंबर

सोमवारी ती आली नव्हती. आज आली. हायस्कुलाचा गणवेश अजून नाही, आमच्याच शाळेच्या निळ्या फ्रॉकवर गेली. सरांनी काही विचारलं नाही, पहिल्या बाकावर बसवलं आणि तिची वही मागितली. तिच्याकडे वही होती. मे महिन्यातली, पेरणीची पानं भरलेली. तिनं जपून ठेवली होती.

१९ ऑक्टोबर

दीड महिना नोंद नाही. २२ सप्टेंबरपासून सामाजिक व शैक्षणिक सर्वेक्षणाचं काम, आम्ही सगळे शिक्षक घरोघर. ते पुरं व्हावं म्हणून दसऱ्याची सुट्टी १८ तारखेपर्यंत वाढली. प्रकल्प थांबला हे खरं. पण घराघरांत बसायला मिळालं. आठवीतून शाळा सोडलेली मुलं कुठल्या घरात आहेत हे मला आता माहीत आहे. ती यादी या वहीत लिहित नाही, वेगळी ठेवलीय.

१५ नोव्हेंबर

सुगी. शिवारात सगळीकडे कापणी. आठवीच्या मुलांनी शेवटची पानं भरायला घेतली. सरांनी एक बदल केला: शेवटचं पान वर्गातल्या कन्नड मुलानं मराठीतून लिहायचं, शेजारी बसलेल्या मराठी मुलाला विचारून. मला हे सुचलं नसतं. एका कन्नड मुलीनं लिहिलंय, "भात मळून झाला. पेंढा गुरांना ठेवला." अक्षर वळणदार, पेंढ्याचा ढ उलटा. माझ्या विद्यार्थिनीनं तो खोडून सुधारून दिलाय आणि बाजूला कन्नडमध्ये हुल्लु लिहिलंय.

मराठी वाचनाचा शनिवारचा तास अजून सुरू झालेला नाही. मुख्याध्यापक म्हणतात, वरून विचारायला हवं. पुन्हा अर्ज दिला, या वेळी पालकांच्या सह्यांसह. पहिली सही मार्चमध्ये "मी येणार विचारायला" म्हणाले होते, त्यांची.

६ डिसेंबर

सर आज आमच्या शाळेत आले. यंदाच्या सातवीला त्यांनी अर्धा तास दिला. सोबत लोखंडाचा खिळा, तांब्याची तार, कोळशाचा तुकडा आणि एक रिकामी बाटली. बाटलीत काय आहे विचारलं. मुलं म्हणाली, काही नाही. सर म्हणाले, हवा आहे, हवेत आम्लजनक म्हणजे ऑक्सिजन आहे, तो धातु आहे. वर्गात एकदम गलका झाला. एकजण ओरडला, "सर, धातू कसा? वाजत नाही की!" सर माझ्याकडे बघायला लागले. मी मराठीतून समजावलं, त्यांनी कन्नडमधून, फळ्याच्या दोन बाजूंना दोघांनी लिहिलं. गलका थांबेना. मी थांबवलाही नाही.

फसव्या शब्दांचा पहिला तास अशा रीतीने डिसेंबरातच झाला.

२० डिसेंबर

नव्या वह्यांसाठी कागद आणला. यंदा सातवीत सतरा मुलं आहेत. सरांनी सांगितलंय की दोन जादा शिवा, त्यांच्या भागातल्या कन्नड प्राथमिक शाळेतली दोन मुलंही वही मागतायत.